सहा ते सात : काही नाही

दत्तात्रय फणसळकरांना स्टुटगार्टची मराठी मंडळी दत्तोपंत म्हणतात. हे नाव आपल्याला मुळीच आवडत नाही, असं ते गेली तीस वर्षं ज्याला त्याला सांगत आलेत, आणि तीस वर्षं कुणीही ते मनावर घेतलेलं नाही. उंची बेताची, चष्मा कायम कपाळावर, आणि तो कपाळावर असताना घरभर त्याचा शोध. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत ते तपासणी विभागात होते. 'होते' म्हणणं जरा घाईचंच, कारण ही हकीकत २०१८च्या फेब्रुवारीतली आणि निवृत्ती होती एप्रिलअखेरीस.

माणूस वेळेला पक्का. किती पक्का, तर मंडळाच्या गणपतीची आरती सातला असं कळवलं की बाकीचे त्याचा अर्थ आठ असा घेतात आणि साडेआठला उगवतात. दत्तोपंत सातला दहा कमी असताना हजर. मग सभागृहाचा हाउसमाइस्टर, म्हणजे रखवालदार, आणि हे, असे दोघंच रिकाम्या खुर्च्यांमध्ये एकमेकांकडे बघत बसलेले. त्यातून दोघांची चांगली गट्टी जमली. एका वर्षी तर पहिली आरती त्या हाउसमाइस्टरनेच टाळ्या वाजवून उरकली, असं शैलाताई सांगतात. शैलाताई म्हणजे दत्तोपंतांच्या पत्नी. त्यांचं सांगणं तिखटमीठ लावून असतं, पण खोटं नसतं.

दुसरा नाद टीव्हीचा. बघण्याचा नव्हे, उघडण्याचा. १९७३ साली पुण्यात टीव्ही आला तेव्हा दत्तोपंत वीस वर्षांचे होते, आणि लोकांच्या गच्च्यांवर चढून अँटेना फिरवत "आलं का? आता? आता?" असं खाली ओरडणं हा त्यांचा पहिला धंदा. पडद्यावरच्या मुंग्या जाऊन माणसाचा चेहरा उमटला की खालून जो कल्ला व्हायचा, तो त्यांच्या अंगात भिनला तो भिनलाच. स्टुटगार्टच्या फॉयरबाख भागातल्या त्यांच्या इमारतीत प्रत्येक बिऱ्हाडाला खाली तळघरात, म्हणजे केलरमध्ये, एक खोली मिळालेली. शेजारी तिथे बटाटे, जॅमच्या बरण्या नाहीतर मुलांच्या जुन्या सायकली ठेवत. फणसळकरांच्या केलरमध्ये अकरा टीव्ही होते. बटाटे वर, पलंगाखाली.

बारावा आला तो फ्लोमार्क्टमधून, जुन्या बाजारातून. स्टुटगार्टला शिकवायला येऊन इथेच राहिलेल्या कुणा इंग्रज बाईंचा तो संच. काळपट लाकडी पेटी, चौदा इंची पडदा, खाली दोनच बटणं. बाईंनी हौसेने तो इंग्लंडहून आणला खरा, पण तिथला संच चित्र काढायचा ४०५ रेघांत आणि इथलं प्रक्षेपण ६२५ रेघांचं. म्हणजे बाईंना आयुष्यभर त्यावर मुंग्यांखेरीज काही दिसलं नसणार. दत्तोपंतांना त्यांचं फार वाईट वाटलं. त्यांनी दोन हिवाळे घालवून ६२५चं ४०५ करणारी एक डबी बनवली, कुठूनकुठून व्हॉल्व्ह मिळवले आणि एकदाचं पडद्यावर चित्र आणलं. ते बघायला शैलाताईंना खाली बोलावलं तर त्या म्हणाल्या, "छान आहे हो. वरच्या टीव्हीवर हेच रंगीत दिसतं."

पण खरी मजा पुढेच होती. संचाबरोबर जुन्या व्हॉल्व्हचं एक खोकं आलं होतं आणि त्याच्या तळाशी एका इंग्रजी वर्तमानपत्राचा कागद अंथरलेला होता. त्यावर एका दिवसाचे टीव्हीचे कार्यक्रम. गुरुवार, तीन फेब्रुवारी; साल फाटून गेलेलं, पण पन्नाशीचं दशक नक्की. अख्ख्या देशाचा दिवसभराचा टीव्ही चार बोटं रुंदीच्या रकान्यात मावला होता. सकाळी दुकानदारांना संच जुळवून घेता यावेत म्हणून नुसतं वर्तुळं आणि रेघांचं एक स्थिर चित्र. दुपारी तीनला बायकांसाठी कार्यक्रम, त्यात कालच्या उरलेल्या मटणाचं काय करावं आणि हातमोजे कसे विणावेत. चार ते पाच विश्रांती. पाचला मुलांसाठी. सातला बातमीपट, मग हवामान, साडेसातला चार शहाणी माणसं टेबलाशी बसून कोडी सोडवणार, आठला नाटक, साडेदहाला राष्ट्रगीत, की झोपा.

आणि सहा ते सात? काही नाही. त्या काळी ब्रिटनमध्ये तो तास टीव्ही मुद्दाम बंद ठेवत. मुलांचा कार्यक्रम संपला की आयांना पोरांना सुखाने झोपवता यावं, म्हणून. दत्तोपंत यावर इतके खूश झाले की भेटेल त्याला सांगत सुटले. कँटीनमध्ये सांगितलं, मंडळाच्या हळदीकुंकवाला बायकांना सांगितलं, तळमजल्यावर राहणाऱ्या घरमालकीणबाई फ्राऊ हेबेर्ले यांना जिन्यात गाठून सांगितलं. "एक तास सरकारी शांतता. कोण देतं हो आता?" असं ते म्हणत.

मग त्यांच्या डोक्यात ते खूळ शिरलं. येत्या तीन फेब्रुवारीला तो कागद जसाच्या तसा पुन्हा घडवायचा. मूळ कार्यक्रम तर मिळणार नव्हते, पण त्या जातीच्या जुन्या फिती इंटरनेटवर पडलेल्या असतात. कुणाचा स्वयंपाक, कुणाची बाहुली, कुठल्यातरी पुलाचं उद्घाटन. त्या गोळा करून, मिनिटामिनिटाला कापून त्यांनी दिवस जुळवला. येता तीन फेब्रुवारी गुरुवार नसून शनिवार होता. तेवढं त्यांनी गिळलं. त्यांची लेक तनया एर्लांगेनला वैद्यकीय यंत्रांवर काम करते. तिने फोनवर सगळं मराठीत ऐकून घेतलं आणि नेहमीप्रमाणे जर्मनमध्ये विचारलं, की पापा, हे सगळं बघणार कोण? "मी," दत्तोपंत म्हणाले.

आता त्या तीन फेब्रुवारीची दुसरी बाजू. ती माहीत असूनही ते तिच्याकडे पाठ करून बसले होते.

गेली तीस वर्षं प्रत्येक बैठकीत दत्तोपंत छाती पुढे काढून सांगत, "रिटायर झालो की दुसऱ्या दिवशी विमानात." शैलाताईंनी ते खरं मानलं, यात त्यांचं काय चुकलं? त्यांची थोरली बहीण कुंदा सांगलीला विश्रामबागेत राहते. दोन वर्षांपूर्वी यजमान गेल्यापासून एवढ्या बंगल्यात एकटीच. गुडघे बोलायला लागलेले. वरचा मजला रिकामा. शैलाताईंचं ठरलं. डिसेंबरात त्यांनी इथली बालवाडीतली अर्धवेळ नोकरीही सोडली. आणि विमानवाले दत्तोपंत नेमके तेव्हापासून गप्प झाले.

घर सोडण्याची नोटीस, क्युंडिगुंग, शैलाताईंनी दहा जानेवारीलाच टाइप करून ठेवली होती. भाडेकरार दोघांच्या नावावर, म्हणून सह्याही दोघांच्या. एप्रिलअखेर घर सोडायचं तर ती महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत मालकिणीच्या हातात पडायला हवी, असा कायदा. तिसरा दिवस म्हणजे शनिवार, तीन फेब्रुवारी. कागदावर शैलाताईंची सही झालेली, खालची ओळ रिकामी, आणि तो कागद फ्रीजच्या दारावर चुंबकाखाली. दत्तोपंत दूध काढताना त्याच्याकडे बघत नसत. शैलाताईंनी "अहो, जरा ऐका ना," म्हटलं की यांना केलरमधलं काहीतरी आठवे. भांडण नाही, तंटा नाही. माणूस नुसता हातातून निसटायचा.

गुरुवारी रात्री जेवताना शैलाताईंनी पोळी वाढता वाढता सांगून टाकलं. "मी मेमध्ये सांगलीला जाणार. कुंदाला शब्द दिलाय. तुम्ही बरोबर यायचं की इथे राहायचं, हे तुमच्या सहीवर. पण शनिवारी मला ते कळलं पाहिजे."

 लग्नाला सदतीस वर्षं झालेली, आणि इतक्या शांत आवाजात बायको वेगळं राहण्याबद्दल बोलत होती. यावर नवऱ्याने काय म्हणावं? कुणीही शहाणा माणूस चार शब्द बरे बोलला असता. हे म्हणाले, "शनिवारी माझा टीव्हीचा दिवस आहे."

शैलाताई उठल्या. ताटं उचलली, हात पुसले आणि म्हणाल्या, "बघू तो टीव्हीचा कागद." दत्तोपंतांनी आणून दिला. शैलाताईंनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत सावकाश वाचला. मग विचारलं, "हे सहा म्हणजे लंडनचे सहा की आपले?"

"आपले. गेनाऊ, बरोब्बर सहा," दत्तोपंत म्हणाले. बायकोने आपल्या कामात एवढा रस घेतला याचं त्यांना मनापासून बरं वाटलं, आणि त्या रात्री ते छान झोपले.

शनिवार उजाडला. दहाच्या ठोक्याला केलरमध्ये ती वर्तुळं आणि रेघा उमटल्या आणि दत्तोपंत खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. दोन तास त्या चित्रात काहीही घडत नाही. त्यांना काही घडायला नकोच होतं. वरच्या कोपऱ्यातली एक रेघ किंचित वाकडी होती, ती त्यांनी स्क्रू पिळून सरळ केली, मग दुसरी वाकडी झाली, मग ती. असा सुखाचा वेळ गेला. जिना झाडण्याची पाळी या आठवड्यात फणसळकरांकडे होती. शैलाताई वरून एकेक पायरी झाडत खाली आल्या, केलरच्या दारात डोकावल्या आणि झाडत वर गेल्या. दत्तोपंतांनी मान खाली घातली. मनात कागद होताच. तो चुंबकाखालून निघून थेट छातीवर येऊन बसल्यासारखा झाला होता. आजचा दिवस टळला की झालं, एवढंच ते स्वतःला सांगत होते. टळला की काय झालं, ते मात्र सांगत नव्हते.

तीनला उरलेल्या मटणाचा कार्यक्रम झाला. शाकाहारी दत्तोपंतांनी तो संपूर्ण पाहिला. पाचला एक लाकडी बाहुली टोपी हरवून रडली आणि पावणेसहाला ती टोपी सापडली. सहाला त्यांनी संच बंद केला. पडद्याच्या मधोमध एक पांढरा ठिपका राहिला, बारीक होत होत गेला, आणि केलरमध्ये शांतता झाली.

तेवढ्यात दार उघडलं. शैलाताई आल्या. एका हातात स्वयंपाकघरातलं स्टूल, दुसऱ्या हातात चहाचे दोन कप असलेला ट्रे, आणि ट्रेमध्ये कपांच्या मध्ये घडी न केलेला फ्रीजवरचा तो कागद. स्टूल ठेवलं, बसल्या, कप पुढे केला.

"आता तासभर काही नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मध्येच काही लावणार नाही?"

"कागदावर नाही तर कसं लावणार?" दत्तोपंत म्हणून गेले, आणि म्हणता म्हणताच त्यांना कळलं, की आपण आपल्याच हाताने दाराला कडी लावून घेतली.

"मग बोला," शैलाताई म्हणाल्या.

"तो ट्रान्सफॉर्मर जरा तापलाय, मी एकदा..."

"संच बंद आहे, अहो."

दत्तोपंतांनी चहा दोन घोटांत संपवला. जीभ भाजली. मग बोलायला लागले. आधी आरोग्यविम्याचं बोलले. मग सांगलीच्या उन्हाचं. मग कुंदाताईंच्या कुत्र्याचं, की तो आपल्यावर भुंकतो. मग जर्मन पेन्शनवर तिथे कर कसा लागेल, आल्झो, म्हणजे नेमकं कुणालाच माहीत नाही, याचं. शैलाताई सगळं ऐकत होत्या. एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. यांचे विषय संपले तेव्हा सहा वाजून वीस मिनिटं झाली होती, आणि पुढे चाळीस मिनिटं नुसती पडलेली होती.

"मला तिथे काही काम नाही, शैला," दत्तोपंत एकदम म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच अनोळखी वाटला. "इथे मला कुणी विचारलं तर तू सांगतेस, केलरमध्ये आहेत. तिथे काय सांगशील? वर बसलेत. कुंदाताईंच्या घरी मी वर बसलेला माणूस होणार. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी देवळापर्यंत चक्कर. आणि हे बारा? हे भंगारवाल्याला देऊ? तीस वर्षं मी विमान विमान करत राहिलो, आता कोणत्या तोंडाने सांगू, की मला भीती वाटते म्हणून?"

इतकं बोलून ते कपाच्या तळाशी राहिलेली चहापत्ती बघत बसले. हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

"एवढंच?" शैलाताईंनी विचारलं.

"एवढंच म्हणजे?"

"कुंदाच्या बंगल्यामागे गॅरेज आहे. भाऊजींची गाडी तिने दिवाळीत विकली. मी तिला म्हटलं, ते आमच्या ह्यांना दे. रिकामं करून घेतलंय, आतून पांढरा रंग दिलाय, भिंतीला सात पॉइंट काढलेत. मी चौदा सांगितले होते, वायरमन म्हणाला एवढा लोड झेपणार नाही. फळ्या ठोकायच्या राहिल्यात. मीच थांबवलं. म्हटलं, किती उंचीच्या हव्यात ते त्यांनाच विचारू."

दत्तोपंतांनी मान वर केली. "हे कधी झालं?"

"नोव्हेंबरात."

"आणि मला आज सांगतेस?"

"चार वेळा सांगायला खाली आले," शैलाताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं. "पहिल्यांदा सोल्डरिंगची गन तापलेली होती. दुसऱ्यांदा तुम्ही म्हणालात, उद्या. तिसऱ्यांदा मी दारात उभी होते, तुम्ही वळूनच बघितलं नाही. चौथ्यांदा जिन्यातूनच परत गेले. पाचव्यांदा येणार नव्हते. मग तुमच्या त्या कागदावर मोकळा तास दिसला."

दत्तोपंतांनी मनात हिशेब मांडला. तीन महिने ज्या गोष्टीची भीती पोटात घेऊन हिंडलो, तिच्यावरचा उपाय बायको चार वेळा दारापर्यंत घेऊन आली, आणि आपण चारही वेळा तिला परत पाठवलं. शरमेने त्यांचे कान तापले.

"मला इथे आणलंत तेव्हा म्हणाला होतात, दोनच वर्षं," शैलाताई पुढे म्हणाल्या. "एकतीस झाली. मी रडले, पण आले. मला इथे काय काम असेल, हे तुम्ही तेव्हा विचारलं नव्हतं. माझी त्याबद्दल तक्रार नाही, जमलं मला. पण आता मी तुम्हाला घेऊन जातेय, तर तुमची जागा करून मगच न्यायला नको?"

दत्तोपंतांनी हात पुढे केला. त्यांना तिचा हात धरायचा होता. तिला वाटलं पेन मागतायत, म्हणून तिने पेन दिलं. त्यांनी आधी हात धरला, मग सही केली.

कागद घेऊन ते स्वतः वर गेले. फ्राऊ हेबेर्ले यांनी दारातच तो सबंध वाचला, दोन्ही सह्या पाहिल्या, वर तारीख आणि वेळ घालून पोच दिली. मग चष्मा काढून म्हणाल्या, की तुमच्यासारखा जिना आता कोण झाडणार, आणि जरा जास्तच वेळ नाक शिंकरलं. दत्तोपंत "हो, हो," एवढंच म्हणू शकले. जिना नेहमी शैलाताईच झाडत, हे सांगायची ती वेळ नव्हती.

परत खाली आले तेव्हा सातला पाच कमी होते. बातमीपटाची फीत लावून तयार होती, नुसतं बटण दाबायचं बाकी. दत्तोपंत संचापाशी गेले, बटणावर हात ठेवला आणि वळून म्हणाले, "पाणी शिरतं का गॅरेजमध्ये? कृष्णेला पूर येतो."

"विश्रामबागेत नाही शिरत. आणि जोतं उंच आहे."

"शटर आहे की दार?"

"शटर. ते करकरतं."

"तेल घालू. उजेड कुठून येतो?"

ते परत खुर्चीत बसले. जुन्या पाकिटाच्या पाठीवर त्यांनी एक चौकोन काढला आणि त्यात सात ठिपके मांडायला सांगितले. शैलाताईंनी दोन मांडले, तिसऱ्यावर अडल्या, मग दोघांचा वाद झाला, की जड संच शटरच्या बाजूला ठेवायचे की आतल्या भिंतीला. उन्हाने पेट्यांचं लाकूड तडकेल, असं यांचं म्हणणं. मग पडदा लावा, असं त्यांचं. सातचा बातमीपट राहिला, हवामान राहिलं, कोडी सोडवणारी शहाणी माणसं राहिली. पावणेआठला शैलाताईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि घड्याळाबद्दल चकार शब्द काढला नाही.

"शटर पूर्वेला आहे की दक्षिणेला, तेवढं कुंदाताईंना आत्ता विचार," दत्तोपंत म्हणाले.

"अहो, तिकडे सव्वाबारा झालेत रात्रीचे."

"मग उद्या सकाळी. मला आठवण कर."

आठवण करायची वेळच आली नाही. रविवारी सकाळी साडेसहाला शैलाताईंना जाग आली ती बैठकीच्या खोलीतल्या बोलण्याने. एकतीस वर्षांत ज्यांनी मेव्हणीला आपणहून एकदाही फोन केला नव्हता, ते दत्तोपंत तिला सांगत होते, "नाही, नाही, ताई, ती झोपलीय. तिला कशाला उठवायचं? मला तुमच्याशीच बोलायचंय. सावकाश सांगा, मला काही घाई नाही."